गोजराबाईची कारंज्यातली दुपार

खापरदरीची गोजराबाई वर्षातून एकदा कारंज्याच्या मोटारस्टँडवर आपल्या मेलेल्या सवतीसोबत बसून भजे खाते, अशी बोलवा मानोऱ्याच्या अलीकडच्या सात-आठ गावांत होती. बोलवा साधीसुधी नव्हती, तिला तपशील होते. सवत हिरवं लुगडं नेसून येते. तिला कांद्याचे भजे चालतात, मिरचीचे चालत नाहीत. ती हसते तेव्हा आवाज येत नाही. तिची सावली पडते, पण गोजराबाईच्या सावलीत मिसळलेली. हा शेवटचा तपशील कोणी घातला देव जाणे, कारण भर दुपारी निंबाच्या दाट झाडाखाली बसलेल्या कोणाचीच वेगळी सावली दिसत नाही. पण असं काहीबाही घातल्याशिवाय बोलवा मुरत नाही, आणि आमच्या भागातल्या बाया या कामात फार वाकबगार.

गोजराबाईच्या कानावर हे सगळं आलं होतं. ते खोडून काढायला तिला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य ती मरेपर्यंत बोलली नाही. का बोलली नाही ते सांगायचं तर आधी प्रयागाबाईला मारावं लागतं.

प्रयागाबाई ही जानरावची पहिली बायको. सन अठराचा ताप आला, गावोगाव माणसं पानगळीसारखी गेली, त्यात दिवाळीच्या तोंडावर चार दिवसांत तीही गेली. जानराव खापरदरीतला बऱ्यापैकी कास्तकार. दोन बैलजोड्या, एक झुपकेदार मिशी, आणि आई जे म्हणेल त्याला मान हलवायची सवय, एवढी त्याची इस्टेट. आई म्हणाली दुसरी कर, त्यानं मान हलवली. मूर्तिजापूरच्या पलीकडून तेरा वर्षांची गोजरा आणली. मांडवात नवऱ्यानं पोत बांधली, आणि सासूनं, म्हणजे गोमतीबाईनं, त्याच पोतीत प्रयागाबाई बांधली.

म्हणजे तिचा टाक. अंगठ्याच्या नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली एक उभी बाई. रीत अशी की पहिली मेली तरी तिचा जीव नवऱ्यात आणि चुलीत अडकलेला असतो. तिला घरात जागा दिली नाही तर ती दुसरीला सुख लागू देत नाही. म्हणून तिला चांदीत बसवायची आणि दुसरीच्याच गळ्यात ठेवायची. रोज हळदकुंकू तिला आधी. नवं लुगडं तिला आधी लावायचं, मग आपण नेसायचं. जेवताना पहिला घास टाकाला टेकवायचा, मग आपल्या तोंडात. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो उजळून आणायचा, न्हाऊ घालायचा, तिच्या नावानं घागर भरायची. मेल्यावर माणसाचं जेवण सुटतं असं ज्यांना वाटतं त्यांनी वऱ्हाडातल्या सवती पाहिलेल्या नाहीत.

गोजरा तिच्यासोबत चौदा वर्षं जेवली. गोमतीबाईचं प्रत्येक बोलणं "प्रयागा असती तं" इथून सुरू व्हायचं. प्रयागा असती तं भाकर करपली नसती. प्रयागा असती तं वरणात बोट बुडवून मीठ ओळखलं असतं. दुपारी पुरुष वावरात, सासू ओसरीवर डोळा लागलेली, आणि माजघरात गोजरा एकटी. तेव्हा गळ्यातला टाक आपोआप फिरायचा. दोऱ्यावरची वस्तू, फिरणारच. पण तो तोंड आत करून, तिच्या छातीला चिकटून पडला की गोजराच्या अंगावर काटा यायचा. ती ऐकते आहे, असं तिला वाटायचं. आत काय चाललं आहे ते ऐकते आहे.

गोजराचं पहिलं पोर पाचवीच्या दुसऱ्या दिवशी गेलं. त्या सकाळी टाक आत तोंड करून होता. दुसरं तीन महिन्यांचं होऊन गेलं. गोमतीबाई रडली नाही. मातीहून आल्यावर पाय धुता धुता एवढंच म्हणाली, "पाह्यलं तिनं." तेव्हापासून गोजरा घास टेकवताना टाकाकडे बघत नसे.

सन चौतीसच्या चैत्रात ती तिसऱ्यांदा गरोदर होती, चौथा महिना होता. माहेरी आठ दिवस राहून ती अखाजीच्या आदल्या दिवशी परत निघाली. आता ही वाट कशी, ते ऐका. भाऊ मूर्तिजापूरला छोट्या आगगाडीत बसवून द्यायचा आणि गाडी हलायच्या आत परत वळायचा, इतकी त्याची माया. गाडी अकराच्या सुमारास कारंज्याला सोडायची. मानोऱ्याची मोटार चारला. नवऱ्यानं घ्यायला यावं, तर त्याला त्या दिवशी नेमकं पोट दुखायचं. म्हणजे पाच तास बाई एकटी. मागची तेरा वर्षं गोजरानं ते पाच तास स्टँडवरच्या निंबाखाली आपल्या पत्र्याच्या पेटीवर बसून, तोंडावर पदर ओढून काढले होते. पाणीसुद्धा प्यायली नव्हती, कारण पाणी पिऊन पुढं जावं लागलं तर जायचं कुठं, हा प्रश्न होता.

त्या वर्षी गाडीतून उतरताना टाकाची कडी तुटली. टाक घरंगळून ओच्यात पडला. गोजरा फलाटावर तशीच उभी राहिली. पोटात पोर, उद्या अखाजी, आणि गळ्यातून सवत उतरलेली. तिनं टाक मुठीत घट्ट धरला आणि जन्मात पहिल्यांदा परक्या पुरुषाला आपण होऊन बोलली. परका म्हणजे अमरसिंग, मानोऱ्याच्या मोटारीचा ड्रायव्हर. सराफा कुठं ते त्यानं हातानं दाखवलं आणि चारला भोंगा देईन, भोंग्यानंतर सख्ख्या बापासाठीही थांबत नाही, असं बजावलं.

सोनार म्हातारा होता, चष्म्याला कानामागं दोरा. अखाजीमुळं त्याच्याकडं टाकांची गर्दी उडालेली. समोर पितळी परात, तीत चिंचेचं पाणी, आणि त्या पाण्यात वीस-पंचवीस मेलेल्या बायका उताण्या पडलेल्या. कोणाचं नाक झिजलेलं, कोणाचा हात. सोनारानं गोजराच्या मुठीतली घेतली, न पाहता परातीत सोडली आणि तीननंतर या म्हणाला. प्रयागाबाई इतर बायांत जाऊन बसली. गोजराला क्षणभर ओळखू येईना, आपली कोणती.

ती बाहेर आली तेव्हा तिचा गळा हलका होता. हे तिला आधी कळलं नाही. आधी कळलं ते ऊन. कारंज्याची वैशाखातली दुपार म्हणजे माणसं गिळून बसलेलं गाव. जिनिंग बंद, तिच्या तारांवर, नालीच्या कडांवर, बाभळीच्या काट्यांवर हिवाळ्यातल्या कापसाचे जुने पुंजके अडकलेले, वारा नसताना हलणारे. दारं लोटलेली. एका घरातून पाळण्याच्या कड्या करकरत होत्या, आत कोणी गात नव्हतं. गोजरा चालत राहिली, कारण थांबली तर कोणीतरी मागून येऊन थांबेल असं तिला वाटत होतं. जैनांच्या देवळाच्या पायरीवर गार सावली होती, तिथं ती पाय पसरून बसली. लग्नानंतर उघड्यावर पाय पसरून बसायची ही पहिली वेळ. मग कासाराच्या दुकानात उभी राहून, काहीही न घेता, तिनं सगळ्या बांगड्या पाहिल्या. मग स्टँडवर आली. भजेवाल्याची कढई तापलेली होती. तिनं पानभर भजे घेतले आणि एक तोंडात टाकला.

गरम होता, म्हणून तिनं तो जिभेवर फिरवला, फुंकला, गिळला. आणि मग हात गळ्याकडे गेला. गळ्यात कोणी नव्हतं. चौदा वर्षांत पहिला घास तिनं स्वतः खाल्ला होता.

पोटातलं पोर हलल्यासारखं झालं, चौथ्या महिन्यात हलतं का ते तिचं तिला माहीत. गिळलेला घास तर परत येत नाही. थोडा वेळ ती पानाकडे बघत बसली. मग उरलेले सगळे भजे खाल्ले. आता सवत कोपणारच होती, तर एका भज्यावर कोपली काय आणि सात भज्यांवर काय.

तीनला सराफ्यात बायांची रीघ लागली होती. सोनारानं परातीत बोटं घालून एक टाक काढला, नवी कडी लावली, पुसला आणि दिला. तेवढ्यात स्टँडवरून भोंगा आला, आज वेळेच्या आधीच, अमरसिंगचा स्वभाव. गोजरानं पळता पळता पोतीत टाक ओवला आणि मोटार गाठली.

अडाण नदीच्या रेतीत मोटार नेहमीसारखी रुतली. सगळे उतरून चालू लागले. गोजरानं सवयीनं टाक चिमटीत धरला, क्षमा मागायला. आणि तिची बोटं थांबली. प्रयागाबाईचं तोंड चौदा वर्षांच्या हळदीकुंकवानं घासून गुळगुळीत झालं होतं, त्याच्यावर काहीच उरलं नव्हतं. या बाईला नाक होतं. उघडे, गोल डोळे होते. ती गोजराकडे बघत होती.

मागं कारंजा सात कोस, पुढं खापरदरी, उद्या अखाजी. अमरसिंग रेतीतून भोंगा देत होता. गोजरा परक्या बाईला गळ्यात घेऊन मोटारीत चढली.

दुसऱ्या दिवशी टाकाला न्हाऊ घालायचं ते गोमतीबाईनं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण अंगठा शाबूत. तिनं टाकावरून अंगठा फिरवला, परत फिरवला. म्हातारी म्हणाली, "प्रयागाचं तोंड भरलं व. तुह्या माहेरचं पाणी मानवलं तिले." जानरावनं मान हलवली.

ते सहा महिने गोजरानं कसे काढले ते कोणाला कळलं नाही, कारण सांगण्यासारखं कोणी नव्हतं. जिचं नाव माहीत नाही तिला हाक काय मारणार? ती घास टेकवून नुसतं "घ्या बाई" म्हणायची. परकी बाई डोळे उघडे ठेवून घ्यायची. आणि खरी प्रयागाबाई कोणाच्या तरी गळ्यात, कोणत्या तरी गावात, उपाशी की जेवलेली, कोणास ठाऊक. तिला घरची वाट माहीत होती. दुपारी परसातल्या विहिरीचा रहाट करकरला की गोजराचे हात पिठात थांबायचे. बाहेर जाऊन पाहावं तर कोणी नाही. रहाट मात्र हलत असायचा आणि दोर ओला असायचा. शेजारीण पाणी भरून गेली असेल. गोजरा तसं स्वतःला सांगायची आणि दार लावून घ्यायची.

कार्तिकात पोरगी झाली. नाव ठेवलं हिरी. सहावा दिवस गेला. तीन महिने गेले. हिरी गुटगुटीत झाली, मुठी आवळून रडायला लागली, आणि गोमतीबाई गावभर सांगत सुटली की प्रयागा वळली, प्रयागानं पदरात घेतलं. बाया टाकाच्या पाया पडून गेल्या. जितक्या पाया पडल्या तितकी गोजरा आतून गार पडत गेली, कारण प्रयागाबाई तिथं नव्हतीच. तिला ठाऊकच नव्हतं की घरात पोर आलं आहे. ज्या दिवशी कळेल त्या दिवशी ती आपल्या पायानं येईल. त्याआधी तिला मानानं आणून गळ्यात बसवली पाहिजे, नाहीतर हिरी गेली. गोजराच्या मनात याबद्दल तिळमात्र शंका नव्हती.

पुढच्या अखाजीच्या आदल्या दिवशी छोटी गाडी थांबली तशी ती हिरीला काखेत मारून थेट सराफ्यात गेली. सोनाराच्या पायरीवर हिरव्या लुगड्यातली एक थोराड बाई बसली होती, हातातल्या पदरानं वारा घेत. गोजराला पाहून तिनं वारा घेणं थांबवलं.

"तूच काय व थे मानोऱ्याकडची?" ती म्हणाली. "वर्स झालं, तुही वाट पाहून राह्यली मी."

"माही सवत आहे तुमच्यापाशी," गोजरा म्हणाली.

"अन् माही तुह्यापाशी. कशी आहे?"

"डोये उघडे ठेवते. बाकी काही तरास नाही."

ही कामरगावची मनकर्णाबाई. माहेर तिचं कारंज्यातलंच, सराफ्यामागच्या गल्लीत. दर अखाजीला यायची आणि संध्याकाळच्या गाडीबैलानं कामरगावला परतायची. टाक बदलल्याचं तिला त्याच रात्री कळलं होतं, पण सोनाराला गोजराचं गाव माहीत नव्हतं, मानोऱ्याच्या मोटारीचा भोंगा ऐकून पळाली एवढंच ठाऊक होतं. तो मान खाली घालून बसला होता. दोघींनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मनकर्णाबाई म्हणाली, इथं नको, सोनाराचे कान लांब असतात. म्हणून त्या स्टँडवरच्या निंबाखाली येऊन बसल्या. दोघींनी आपापल्या पोतीतून टाक काढले आणि तळहातावर ठेवले. एका हातावर गुळगुळीत तोंडाची प्रयागाबाई, दुसऱ्यावर नाकाडोळ्यांची. मनकर्णाबाईची सवत सुंदरबाई, बाळंतपणात गेलेली.

आता बदलायचे आणि उठायचं, एवढंच काम होतं. कोणाचाच हात पुढं होईना.

शेवटी मनकर्णाबाई बोलली. सुंदरबाई गळ्यात होती तोवर तिचं अर्धं डोकं रोज दुखायचं, आणि नवरा तिला हाक मारताना सुंदरा म्हणायचा, सतरा वर्षं. ही गुळगुळीत बाई आल्यापासून डोकं थांबलं. नवऱ्याला बायकोचं खरं नाव आठवलं. "अन् तुही प्रयागा भल्ली गरीब आहे," ती म्हणाली. "वर्सभरात एक डाव तोंड फिरवलं नाही."

गोजरानं मांडीवरच्या हिरीकडं पाहिलं. मग तिनं सगळं सांगितलं. गेलेली दोन पोरं, आत वळलेला टाक, रहाट, आणि गेल्या साली स्वतः खाल्लेला पहिला भजाही. हे सगळं तिनं आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं सांगितलं, आणि तेही भर स्टँडवर, एका अनोळखी बाईला, तिची सवत हातात घेऊन.

मनकर्णाबाईनं ऐकून घेतलं. डोळे पुसले नाहीत, हातही धरला नाही. ती विचार करत होती, आणि विचार करताना तिचे ओठ हलत.

"पाह्य," ती म्हणाली. "सुंदराचं माह्यासंग वाकडं होतं. काहून? तं म्या तिचा नवरा घेतला. तुह्या प्रयागाचं माह्यासंग काय वाकडं? म्या तं तिच्या नवऱ्याले पाह्यलंबी नाही."

"पाहासारखा नाही," गोजरा म्हणाली.

मनकर्णाबाई हसली. तोंडावर पदर दाबून, आवाज न करता, सगळं अंग हलवत ती हसली. हिरी दचकून तिच्याकडं बघायला लागली.

"अन् सुंदराचं तुह्या पोरीसंग काय वाकडं? तिले तं पोट्टी पाह्यजेच होती, तिच्यापायीच गेली थे." तिनं प्रयागाबाई आपल्या पोतीत परत ओवली. "राहू दे तिले तुह्यापाशी. दोघीबी परक्या घरी पाहुण्यासारख्या राह्यतीन. पाहुनी कोनाचा गळा दाबत नाही."

गोजराला पटलं, पण पुरतं नाही. ती म्हणाली, प्रयागाबाईला घरची आठवण आली तर? म्हातारीची, गाईची, विहिरीची? आठवण आली की ती उठून येईल. यावर मनकर्णाबाईकडं उत्तर होतं. सासुरवाशिणीला माहेराची खबर मिळत राहिली की ती रडत नाही. तशी या दोघींना खबर द्यायची. वर्षातून एकदा, याच झाडाखाली.

असं ठरलं. पुढं दर अखाजीच्या आदल्या दिवशी गोजराबाईचे पाच तास असे जायचे. आधी गावात चक्कर, कासार, देवळाची पायरी. मग पानभर भजे. पहिला भजा मोडून ती मनकर्णाबाईच्या गळ्यातल्या प्रयागाबाईला टेकवायची आणि घरची खबर सांगायची. मनकर्णाबाई दुसरा भजा गोजराबाईच्या गळ्यातल्या सुंदरबाईला टेकवून कामरगावची सांगायची. मग दोघी स्वतःच्या सासवा काढायच्या, आणि त्या खबरा टाकांपेक्षा बऱ्याच लांबायच्या. हिरी पेटीवर झोपायची. गोजराबाईच्या तोंडावरचा पदर खांद्यावर कधी आला ते तिलाही कळलं नाही. खापरदरीची हद्द आली की तो परत वर जायचा, आणि दुपारी रहाट करकरला की ती अजूनही हात थांबवून ऐकायची.

तीन वर्षांनी अमरसिंगनं घात केला. वाईट माणूस नव्हता तो, फक्त त्याला मोटार चालवताना बोलायला लागायचं. एकदा खापरदरीच्या फाट्यावर चाक पंक्चर झालं, जानराव तिथं उभा होता, दहा माणसं भोवती. अमरसिंग चाक काढता काढता म्हणाला, "जानरावभाऊ, तुमच्या घरच्या प्रयागाबाई कारंज्यातच राह्यतात काय? मोठ्या हसऱ्या बाई. तुमच्या बाई त्याईले हातानं भजे भरवतात. म्हातारी बरी आहे, कायी गाय व्याली, समदं सांगतात त्याईले."

चाक बसलं, मोटार गेली, तरी माणसं तिथंच उभी होती. जानरावची मान पहिल्यांदा हलली नाही.

संध्याकाळपर्यंत बोलवा मानोऱ्याला पोचली, दुसऱ्या दिवशी तिला हिरवं लुगडं चढलं, तिसऱ्या दिवशी सावली जोडली गेली. बाया गोजराबाईला पाणवठ्यावर वाट देऊ लागल्या. गोजराबाई गप्प. खरं सांगावं तर टाक परका ठरतो, आणि परका ठरला की गोमतीबाई जानरावला कारंज्याला पिटाळून प्रयागाबाई परत आणवणार, गळ्यात बांधणार. हिरी आता अंगणात धावत होती. तिच्यासाठी गोजराबाईनं भुताचं नाव लावून घेतलं.

आठवडाभरानं, जानराव वावरात गेलेला असताना, भर दुपारी गोमतीबाईनं तिला ओसरीवर बोलावलं. म्हातारीला आता काहीच दिसत नव्हतं. तिनं गोजराबाईचा हात चाचपून धरला.

"थे येते तुह्यापाशी?"

गोजराबाईनं गळ्यातल्या टाकावर पदर ओढला.

"पाणी मागते काय व?" म्हातारी म्हणाली. "चार दिवस पाणी मागत होती. वैद्यानं मना केलं होतं, तापात पाणी देऊ नका म्हने. म्या उंबऱ्यावर बसून राह्यली. कोनालेच देऊ देल्लं नाही. थे विहिरीकडं पाहे." परसात रहाट करकरला. म्हातारीनं हात आणखी घट्ट धरला. "आयकलं? एकोणीस वर्सं झाली, रोज दुपारी काढते अन् पेत नाही. माह्या हातानं पाह्यजे तिले."

इतकी वर्षं हा आवाज आपल्या एकटीसाठी आहे असं गोजराबाईला वाटत होतं. ओसरीवर डोळा लागलेली म्हातारी कधीच झोपलेली नव्हती.

पुढच्या साली गोजराबाई माहेरी निघताना गोमतीबाईनं चाचपडत विहिरीवर जाऊन स्वतः पोहरा ओढला आणि औषधाच्या जुन्या बाटलीत पाणी भरून बूच बसवलं. गोजराबाईनं ती बाटली आठ दिवस माहेरी उशाशी ठेवली. भावजयीनं विचारलं, तिला औषध म्हणून सांगितलं. मग अखाजीच्या आदल्या दिवशी, निंबाखाली, सगळ्या स्टँडसमोर, तिनं बूच काढलं आणि मनकर्णाबाईच्या गळ्यातल्या टाकावर पाणी ओतलं. बाटली रिकामी होईपर्यंत ओतलं. मनकर्णाबाईचं हिरवं लुगडं चिंब झालं. तिनं टाक हलू दिला नाही, दोन बोटांत वर धरून ठेवला.

"घ्या प्रयागाबाई," गोजराबाई म्हणाली. "म्हातारीनं स्वतः ओढून देल्लं."

मोटारीच्या चाकाला टेकून अमरसिंग पाहत होता. तो त्यानंतर या विषयावर एक शब्द बोलला नाही, त्यामुळं बोलवा आणखी वाढली.

घरी आल्यावर गोजराबाईनं उंबऱ्यातच सांगितलं, "प्यायली." गोमतीबाईनं विचारलं, समदं? गोजराबाई म्हणाली, समदं. म्हातारी त्यानंतर दोन वर्षं जगली, पण "प्रयागा असती तं" हे तिच्या तोंडून परत निघालं नाही. दुपारी रहाट करकरायचा. दोघी ऐकायच्या, एक ओसरीवर, एक माजघरात, आणि कोणी उठून बघायचं नाही.

लढाई आली, पेट्रोल गेलं, अमरसिंगची मोटार कोळशावर धुरकत चालू लागली आणि चारची मोटार सहाला सुटू लागली. त्या दोन जास्तीच्या तासांची सगळ्या उतारूंत एकट्या गोजराबाईनं कुरकुर केली नाही. सन त्रेचाळीसच्या अखाजीला निंबाखाली कोणी आलं नाही. सोनाराच्या पोरानं सांगितलं की मनकर्णाबाई पौषात गेली, आणि टाक तिच्यासोबतच गेला. गोजराबाईनं पानभर भजे घेतले, पहिला गळ्यातल्या सुंदरबाईला टेकवला आणि बाकीचे एकटीनं खाल्ले. त्या वर्षीसुद्धा तिला सवतीसोबत पाहिल्याचं तिघांनी शपथेवर सांगितलं.

खरं एवढंच आहे. गोजराबाईसोबत भजे खाणारी बाई कामरगावची मनकर्णाबाई होती. सोनारानं सन चौतीसमध्ये दोघींचे टाक चुकीनं अदलाबदल करून दिले होते आणि त्यांनी ते परत बदलले नाहीत. दुपारी विहिरीवर शेजारीण पाणी भरायची. प्रयागाबाई सन अठराच्या तापात मेली, आणि त्यानंतर ती कोणालाही कुठेही दिसली नाही.